शांता आपटे : ‘प्रभात’ सोडल्यानंतरची दहा वर्षे

करवीरकर

गायिका-अभिनेत्री शांता आपटे यांचे नाव निघाले की आपल्याकडची चर्चा ठरलेल्या वाटेनेच जाते. आधी ‘कुंकू’ चित्रपटातली नीरा, मग ‘प्रभात’ फिल्म कंपनीच्या दारातले उपोषण, आणि शेवटी ‘बाई फार तापट, म्हणून मागे पडल्या’ हा निकाल. कोल्हापुरातील आमच्या जुन्या गाण्यांच्या श्रवणमंडळात त्यांच्यावर एक संध्याकाळ करायचे ठरले असून टिपण लिहायचे काम माझ्याकडे आले आहे. त्यासाठी त्यांचे चित्रपट वर्षांप्रमाणे मांडून पाहिले, तेव्हा हा निकाल मला अजिबात पटेनासा झाला. म्हणून हा धागा.

सुरुवात थोडक्यात सांगतो, कारण ती बहुतेकांना ठाऊक आहे. जन्म १९१६चा, सोलापूर जिल्ह्यातील दुधनीचा. गाण्याचे शिक्षण पंढरपूरला झाले. १९३२ साली भालजी पेंढारकरांच्या ‘श्यामसुंदर’मध्ये शाहू मोडक कृष्ण झाले आणि शांताबाई राधा, हा बोलपट मुंबईत २५ आठवड्यांहून अधिक चालला. म्हणजे ज्या दिग्दर्शकाने त्यांना पहिल्यांदा पडद्यावर आणले, तो कोल्हापूरचा होता. त्या वर्षी ‘प्रभात’ अजून कोल्हापुरातच होती आणि ‘अयोध्येचा राजा’ येथेच तयार झाला होता. पुढच्या वर्षी कंपनी पुण्याला गेली, आणि पुण्यातल्या पहिल्याच चित्रपटात, १९३४च्या ‘अमृतमंथन’मध्ये, शांताबाई आल्या. त्यानंतर ‘अमरज्योती’ आणि ‘राजपूत रमणी’ (१९३६), ‘कुंकू’ (१९३७) आणि ‘गोपालकृष्ण’ (१९३८). ‘गोपालकृष्ण’ हे ‘प्रभात’ने १९२९ साली कोल्हापुरात काढलेल्या आपल्याच पहिल्या मूकपटाचे बोलके रूप होते; त्यातला कृष्ण म्हणजे पुढे गायक म्हणून नावाजलेले पंडित राम मराठे.

१९३९ साली कराराच्या वादातून शांताबाईंनी ‘प्रभात’च्या फाटकाशी उपोषण केले, आणि आपल्याकडची कहाणी येथेच संपते. यादी मात्र येथे संपत नाही. १९४० साली त्यांचे ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक आले. १९४१ साली वाय. व्ही. राव यांच्या तमिळ ‘सावित्री’त त्या नायिका होत्या, त्यासाठी त्या तमिळ शिकल्या आणि आपली गाणी आपणच गायल्या. १९४२ साली देवकी बोस यांचा ‘अपना घर’ आणि त्याच वर्षी लाहोरच्या पांचोलींचा ‘जमीनदार’. १९४३ साली विश्राम बेडेकरांच्या ‘दुहाई’त नूरजहाँ यांच्याबरोबर. १९४६ साली भालजींचा ‘वाल्मिकी’ आणि मास्टर विनायकांचा ‘सुभद्रा’. १९४८ साली ‘मंदिर’ आणि मराठी ‘भाग्यरेखा’. पुणे, मद्रास, मुंबई, लाहोर, कोल्हापूर. एवढ्या ठिकाणी एवढ्या वेगवेगळ्या मालकांनी जिला प्रमुख भूमिका दिल्या, ती ‘मागे पडली’ असे म्हणण्याआधी थोडे थांबले पाहिजे.

माझे म्हणणे असे आहे. त्या काळी नटनट्या कंपनीच्या पगारावर असत आणि करारामुळे बाहेर काम करण्याची मोकळीक नसे. अशा वेळी एक गायिका-अभिनेत्री कंपनीचे छत्र सोडून बाहेर पडते आणि दहा वर्षे स्वतःच्या गळ्याच्या आणि नावाच्या जोरावर काम मिळवते, हा तिच्या कारकिर्दीतला दुसरा आणि जास्त कठीण टप्पा आहे. तो तापटपणाने संपला नाही. पडद्यावर दिसणाऱ्या बाईनेच गायले पाहिजे ही गरज उरली नाही, म्हणून तो संपला. याबद्दल मंडळींचे मत वाचायला आवडेल.

तंबोरा

करवीरकर, टिपण छान आहे, पण गाण्याबद्दल आपण फार झपाट्याने पुढे गेलात. त्यांना इतक्या ठिकाणी का बोलावले गेले, त्याचे उत्तर गाण्यातच आहे.

‘कुंकू’त पार्श्वसंगीत नाही. प्रसंगात जो आवाज प्रत्यक्ष असेल, तेवढाच ऐकू येतो. अशा चित्रपटात गाणे येते तेव्हा त्याला लपायला जागा नसते. आधीच्या संवादाचा सूर आणि गाण्याचा सूर यांत फट पडली तर ती ताबडतोब कानाला खटकते. शांताबाईंच्या गाण्यात ती फट पडत नाही. शब्द त्या बोलल्यासारखा उचलतात, त्याला सुराची एक छोटी हेलकावणी देतात आणि तान येईल असे वाटते तेथे आवरते घेतात. गळा तयारीचा होता, तानेची हौस त्यांना परवडली असती. पण नीरा ही मैफलीत बसलेली नाही, जरठ नवऱ्याच्या घरात कोंडली गेलेली मुलगी आहे, याचे भान गाताना सुटत नाही. संगीतकार केशवराव भोळे यांनी भावगीताच्या अंगाने चाली बांधल्या आणि त्या चाली पेलणारा गळा त्यांना मिळाला.

दुसरी गोष्ट शरीराची. बोलपटाच्या पहिल्या वर्षांत गाणे चित्रीकरणाच्या जागीच ध्वनिमुद्रित होई. वादक चौकटीबाहेर बसत आणि गाणाऱ्याला ध्वनिग्राहकाच्या टप्प्यात खिळून उभे राहावे लागे. त्या सवयीमुळे पुष्कळ नट पुढेही गाताना खांबासारखे उभे राहत. शांताबाई गाताना मान वळवतात, डोळ्यांनी बोलतात, हाताने शब्द पुढे ढकलतात. आज यात काही नवल वाटणार नाही, पण त्या काळच्या प्रेक्षकाला ते अगदी नवे होते. शिवाय ‘कुंकू’तच त्या लाँगफेलो या अमेरिकी कवीची इंग्रजी कविता गातात! मराठी घरातली मुलगी इंग्रजी कविता सुरात म्हणते आहे आणि त्यात कोठेही ‘बघा, कसे जमले’ असा आव नाही. माझ्या विद्यार्थिनींना मी तो तुकडा मुद्दाम ऐकवते, कारण परकी भाषा गाताना उच्चारांवर लक्ष ठेवूनही सूर कसा ढळू द्यायचा नाही, हे त्यातून शिकता येते. तमिळ ‘सावित्री’ची वाट कदाचित तेथूनच सुरू झाली असेल.

मिरजकर तिकटी

करवीरकर, आपला मुद्दा लक्षात आला. तरी दोन ठिकाणी अडतो.

पहिले म्हणजे, आपण कोल्हापूरकर कोणालाही ‘आपले’ म्हणून खिशात घालण्यात पटाईत आहोत. दुधनीच्या, पंढरपूरला शिकलेल्या आणि पुण्यात नाव मिळवलेल्या बाईंना भालजींच्या दोन चित्रपटांवरून करवीरनगरीचा शेला पांघरू नये. येथे बाबूराव पेंटरांच्या ‘महाराष्ट्र फिल्म कंपनी’पासून चालत आलेले पुरेसे आहे, उसनवारीची गरज नाही.

दुसरा मुद्दा अधिक महत्त्वाचा. ‘प्रभात’ला जुलमी मालकाच्या जागी उभे करणे मला न्यायाचे वाटत नाही. ती शेटजींची पेढी नव्हती. दामले, फत्तेलाल, धायबर ही मंडळी बाबूराव पेंटरांच्या हाताखाली शिकलेली, स्वतः कॅमेरा, देखावे आणि ध्वनिमुद्रण सांभाळणारी. मालकच कामगारासारखे राबत असताना नटनट्यांनीही तीच शिस्त पाळावी अशी त्यांची अपेक्षा असणार. करारावर सही दोन्ही बाजूंनी झालेली असते. एक महत्त्वाची नटी आली नाही तर उभारलेला देखावा, दिवे, पगारी माणसे सगळे तसेच खोळंबते. शांताबाईंच्या रागाच्या कथा, विशेषतः एका संपादकाला त्यांनी चोप दिल्याची कथा, इतकी वर्षे कशा टिकल्या? आग असल्याशिवाय धूर निघत नाही.

करवीरकर

तिकटीकर, शेला काढून ठेवतो. त्यावर वाद घालत नाही.

करारावर मात्र घालतो. ‘प्रभात’चे मालक स्वतः कष्ट करत, हे खरेच आहे, आणि म्हणूनच ते भांडण मला जास्त बोलके वाटते. जो मालक स्वतः राबतो, त्याला दुसऱ्याच्या श्रमाचा हिशेब वेगळा असू शकतो हे पटणे अवघड जाते. दामल्यांनी रात्रभर जागून ध्वनिमुद्रण केले तर त्यातून उभी राहणारी कंपनी त्यांची असते. नटीने रात्रभर जागून काम केले तर तिच्या हाती महिन्याचा पगार पडतो, आणि तिचा चेहरा व आवाज यांची बाजारातली किंमत किती वर्षे टिकेल हे कोणीच सांगू शकत नाही. ‘जाऊ मी सिनेमात?’ या पुस्तकाचे मोल याच कारणाने मोठे आहे. शीर्षकावरून हौशी मुलींसाठीची सल्ल्याची पुस्तिका वाटते, पण आत चित्रपटधंद्याकडे धंदा म्हणूनच पाहिलेले आहे : भांडवल कोणाचे, राबते कोण, झिजते कोण. उपोषणानंतर लगेच, वयाच्या चोविसाव्या वर्षी, आपल्या भांडणाचा असा विचार मांडणाऱ्या बाईला नुसते ‘तापट’ म्हणून मोकळे होणे हे आपल्या सोयीचे आहे.

आणि कथांबद्दल म्हणाल तर व्यवहार पाहा. निर्माते भावनेवर चालत नाहीत. काम अर्धवट टाकणारी, सेटवर खोळंबा करणारी बाई म्हणून १९३९ साली त्यांचे नाव खरोखर पक्के झाले असते, तर १९४१ पासून १९४३ पर्यंत मद्रास, मुंबई आणि लाहोर येथल्या कंपन्यांनी पैसे गुंतवले नसते. भालजींसारख्या कडक शिस्तीच्या माणसाने तर १९४६ साली त्यांना परत बोलावलेच नसते!

पंचगंगाकाठ

१९४६चा उल्लेख झालाच आहे, तर त्या वर्षाकडे जरा थांबून पाहू.

‘वाल्मिकी’ हा भालजींच्या जयप्रभा स्टुडिओतला चित्रपट. पृथ्वीराज कपूर वाल्मिकी, आणि तरुण राज कपूर नारद. गंमत अशी की पाच वर्षांपूर्वी ‘सावित्री’त शांताबाईंच्या समोरचा नारद होत्या साक्षात एम. एस. सुब्बुलक्ष्मी. एकाच नटीच्या वाट्याला पाच वर्षांत आलेले हे दोन नारद पाहिले, तरी तिचा वावर केवढ्या मोठ्या मुलखात होता हे कळते. त्या काळात मराठी नायिका हिंदीत जाणे नवे नव्हते. दक्षिणेत जाऊन, तेथली भाषा शिकून, सुब्बुलक्ष्मींच्या बरोबरीने गाणे ही मात्र वेगळीच गोष्ट होती.

‘सुभद्रा’ हा मास्टर विनायकांच्या ‘प्रफुल्ल पिक्चर्स’चा. मास्टर दीनानाथ १९४२ साली गेल्यावर मंगेशकर कुटुंबाला मास्टर विनायकांनी आधार दिला आणि ती मंडळी काही काळ आपल्या कोल्हापुरात होती, हे येथे कोणाला सांगायला नको. १९४५ साली ‘प्रफुल्ल’ मुंबईला गेली, त्यांच्याबरोबर लताबाईही गेल्या. ‘सुभद्रा’त वसंत देसाईंच्या संगीतात शांता आपटे आणि लता मंगेशकर यांचे एकत्र गाणे आहे, ‘मैं खिली खिली फुलवारी’. शांताबाई तिशीच्या, लताबाई जेमतेम सोळा-सतरा वर्षांच्या.

हे गाणे माझ्या आजोबांच्या संग्रहातून आलेल्या तबकडीवर मी पुष्कळदा ऐकले आहे. सुई टेकताच खरखर सुरू होते, आणि तिच्यातून शांताबाईंचा आवाज आधी वर येतो, कारण तो भरीव आहे. शब्दाचा पहिला अक्षरभाग त्या ठासून टाकतात, ओळीच्या शेवटी श्वास ऐकू येतो. लताबाईंचा आवाज बारीक आणि सरळ आहे, त्यात श्वासाची जागा सापडतच नाही. तेव्हा तो पुढे कोठे जाणार आहे हे तबकडीवरून कोणाला कळले नसते, आणि आपण मागून ऐकतो म्हणून फार अर्थ काढू नये, हे मान्य आहे. पण ध्वनिग्राहकाला कोणता आवाज सोपा जात होता, हे मात्र त्यात स्पष्ट ऐकू येते.

खासबाग

सगळे वाचतो आहे. एक शंका. पार्श्वगायनामुळे गायिका-अभिनेत्रींचे दिवस संपले असे म्हणायचे, तर सुरैया यांचे काय? लताबाईंच्या भर काळातही त्या आपली गाणी आपणच गात होत्या आणि नायिकाही होत्या. पार्श्वगायन तर १९३५ पासूनच आपल्या चित्रपटांत येऊ लागले होते. मग शांताबाईंच्या वाट्याला ते १९४९च्या आसपासच का यावे? मला वाटते वय हे साधे कारण आपण सगळे टाळत आहोत.

तंबोरा

खासबाग, शंका रास्त आहे, आणि वय टाळायचे कारण नाही. १९४९ साली शांताबाई ३३ वर्षांच्या होत्या; आपल्या चित्रपटसृष्टीने नायिकेला ते वय क्वचितच माफ केले आहे. सुरैया त्यांच्याहून तेरा वर्षांनी लहान.

पण निव्वळ वयही पुरत नाही. तंत्र आले म्हणून लगेच पद्धत बदलत नाही. १९३५ नंतरही दहा-बारा वर्षे निर्माते गाणारी नायिकाच शोधत होते, कारण प्रेक्षकाला तिची सवय होती आणि तबकड्याही तिच्याच नावावर खपत. जेव्हा तबकडीवर पार्श्वगायिकेचे नाव झळकू लागले आणि त्या नावावर तबकडी खपू लागली, तेव्हा ही साखळी तुटली. सुरैया टिकल्या, कारण त्यांचा गळा नव्या ध्वनिमुद्रणाला मानवणारा होता : हळू, जवळून गाणारा, गझलेकडे झुकणारा. शांताबाईंचा गळा पंढरपूरच्या शिक्षणात तयार झालेला, मोकळ्या जागेत पोहोचवण्याचा. नूरजहाँ फाळणीनंतर पाकिस्तानात गेल्या, म्हणून त्यांची तुलना येथे लागू पडत नाही.

आपल्या गावातलेच उदाहरण घ्या. भालजींच्या तालमीत पुढे आलेल्या सुलोचनादीदी या केवढ्या मोठ्या अभिनेत्री, पण त्यांच्या गाण्यांसाठी दुसरा गळा असे. जयश्री गडकर यांचेही तेच. ‘सांगत्ये ऐका’तली (१९५९) ‘बुगडी माझी सांडली गं’ आपण आशाबाईंची म्हणतो, वसंत पवारांची म्हणतो आणि जयश्रीबाईंचीही म्हणतो. तिघांचे काम तिघांनी वाटून घेतले आणि प्रत्येकाने ते उत्तम केले. शांताबाईंच्या पिढीत गाणे आणि अभिनय ही दोन्ही कामे एकाच देहाने एकदम करायची होती, आणि त्या वाटणीनंतर त्यांची निम्मी विद्या बिनकामाची ठरली. रंगभूमीकडे वळलेल्या गायिकांना निदान तेथे आसरा होता. ज्योत्स्नाबाई भोळे चित्रपट करूनही नाटकात रमल्या आणि ‘कुलवधू’ने त्यांना घराघरात नेले. शांताबाई मात्र चित्रपटालाच धरून राहिल्या.

मिरजकर तिकटी

तंबोराताई, हे पटले. करारावरचे माझे मत तेच आहे. भांडणात दोन्ही बाजू असतात आणि एका बाजूचे पुस्तक आपल्यासमोर आहे म्हणून तीच खरी ठरत नाही. पण कारकीर्द भांडणाने बुडाली, हे वाक्य यापुढे मी वापरणार नाही.

आणखी एक भर घालतो. १९४७च्या ऑगस्टमध्ये मास्टर विनायक गेले. त्यांचा ‘मंदिर’ दिनकर पाटलांनी पुरा केला. १९४८च्या जानेवारीत गांधीजींच्या हत्येनंतर जी जाळपोळ झाली, तीत जयप्रभा जळाला आणि भालजींना सारे नव्याने उभे करावे लागले. शांताबाईंना बोलावणारी मूळची येथली दोन मोठी घरे सहा महिन्यांत अशी खाली बसली. तंत्र, वय आणि रुची यांबरोबर हेही हिशेबात धरले पाहिजे. ‘प्रभात’देखील १९५०चे दशक धड पार करू शकली नाही, म्हणजे परतायचे म्हटले तरी दार कोठले?

करवीरकर

तिकटीकर, ही भर मी टिपणात घेतो. कंपन्यांवर उभ्या असलेल्या धंद्यात मोकळे राहून काम करणाऱ्या माणसाला सगळ्यात आधी झळ बसते, हे माझ्या यादीत दिसत होते. कारण मात्र आपल्यामुळे नीट मांडता येईल.

१९५०नंतरचे चित्रपट मी कार्यक्रमात घेणार नाही. ‘ताई तेलीण’ (१९५३) सोडला तर बहुतेक पौराणिक हिंदीपट आहेत आणि त्यांत त्यांच्या वाट्याला फारसे काही आलेले नाही. २४ फेब्रुवारी १९६४ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले.

संध्याकाळची मांडणी सध्या अशी ठरवली आहे. ‘कुंकू’ सर्वांनी पाहिलेला आहे, म्हणून त्यातला एकच प्रसंग दाखवावा : सावत्र मुलगा अंगचटीला येतो आणि नीरा त्याला छडीने फोडून काढते, तो. त्या प्रसंगात गाणे नाही, तरी तिच्या आवाजाची फेक कशी चढत जाते ते ऐकण्यासारखे आहे. त्यानंतर तंबोराताईंनी लाँगफेलोच्या कवितेचा तुकडा ऐकवून त्यावर पंधरा मिनिटे बोलावे, अशी विनंती आहे. ‘जाऊ मी सिनेमात?’मधली दोन-तीन पाने वाचायची आहेत. वाचन तिकटीकरांनी करावे, म्हणजे मालकांची बाजूही त्यांना लगेच मांडता येईल. शेवटी पंचगंगाकाठ यांच्याकडची ‘सुभद्रा’ची तबकडी, आणि तीही ग्रामोफोनवरच. चावीचा ग्रामोफोन माझ्याकडे आहे, पण त्याच्या सुया संपल्या आहेत. महाद्वार रोडवर किंवा अन्य कोठे मिळत असतील तर कृपया येथे कळवावे.

पंचगंगाकाठ

तबकडी आणतो. सुयांची एक डबी माझ्याकडे आहे, तीही आणतो. मात्र एका सुईवर एकच बाजू वाजवायची ही अट पाळावी लागेल.